नऊ माणसांचं घर: उत्पन्न किती आणि सरकारकडून येणं किती, हे कसं मोजायचं

कर्नाटकात नाडकचेरीच्या (तालुक्याखालच्या महसूल कचेरीच्या) अर्जात वार्षिक उत्पन्नाचा रकाना असतो. सेवाकेंद्रातला पोरगा सुचवेल तो आकडा तिथं टाकून बहुतेक जण मोकळे होतात. तोच आकडा मग पाच वर्षं पाठ सोडत नाही, कारण उत्पन्नाचा दाखला तेवढी वर्षं चालतो. मुलीची स्कॉलरशिप, रेशन कार्ड, आजीची पेन्शन, सगळीकडे तोच निघतो. लहान घरात चूक खपून जाते. पण एका छपराखाली नऊ-दहा माणसं, दोन भावांचे संसार, थोडी शेती, एक पगार आणि दोन जनावरं असतील तर गोंधळ वाढतो. एका योजनेत हे घर श्रीमंत ठरतं, दुसऱ्या योजनेत त्यातली निम्मी माणसं मोजलीच जात नाहीत.

याचं कारण साधं आहे. प्रत्येक योजनेचं माप वेगळं. गृहलक्ष्मी (घरच्या बाईला महिन्याचे पैसे) रेशन कार्डामागे मिळते, गृहज्योती (मोफत वीज) लाईटच्या मीटरमागे. तांदूळ माणशी मोजतात. पीएम किसान उताऱ्यावरच्या नावामागे येतं, पण नवरा-बायको आणि १८ वर्षांखालची मुलं मिळून एकच धरतात. रोजगार हमीचे दिवस जॉबकार्डामागे असतात. घरात चार धडधाकट माणसं असली म्हणून दिवस चौपट होत नाहीत. म्हणून ‘आमच्या घराला किती मिळेल?’ या प्रश्नाला एका दमात उत्तर देता येत नाही. कार्डं किती, मीटर किती, उताऱ्यावर जिवंत नावं किती आणि माणसं किती, हे चार आकडे कागदावर लिहा. पुढचा सगळा हिशोब त्यांच्यावर उभा आहे.

हिशोब दिसावा म्हणून बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं एक कल्पित घर घेऊ. ६८ वर्षांची विधवा आजी. थोरला मुलगा, त्याची बायको आणि तीन मुलं, त्यांतली मोठी मुलगी पीयूसीला (अकरावी-बारावीला). धाकटा मुलगा उद्यमबागेत कारखान्यात, त्याची बायको आणि एक मूल. एकूण नऊ. जमीन तीन एकर, उतारा अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर. रेशन कार्ड एक, मीटर एक.

आधी स्वतःची कमाई

हिशोब महिन्याचा नको, वर्षाचा करा, तोही जून ते मे असा. आपल्याकडे पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. जून-जुलैत रोप लावणीला नुसता खर्च, भाताचा पैसा सुगीनंतर, उसाचं बिल हिवाळ्यात एकरकमी. ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवं. कारखाने ते किती पाळतात हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. म्हणून आलेलं बिल आणि यायचं बिल यांना वहीत वेगळे रकाने ठेवा. ‘यायचं’ या रकान्यातला पैसा घरखर्चाला धरू नका.

ऊस दीड एकर, एकरी ३२ टन धरला तर ४८ टन. तोडणी-वाहतूक जाऊन टनाला ३,१०० रुपये हातात पडले असं मानू: १,४८,८०० रुपये. बेणं, खत, पाणी, भांगलण, मजुरी मिळून एकरी ३८,००० प्रमाणे ५७,००० वजा. उरले ९१,८००. खोडव्याला खर्च कमी असतो, म्हणून लागणीचं वर्ष आणि खोडव्याचं वर्ष एकाच आकड्यावर चालवू नका.

भात दीड एकर, २७ क्विंटल. त्यातलं १५ क्विंटल विकलं, १२ घरात ठेवलं. इथं बहुतेकांचा हिशोब चुकतो. घरी ठेवलेलं भात कमाईत धरत नाहीत, त्याचा खर्च मात्र पूर्ण धरतात. मग शेती तोट्यात दिसते. २,३०० रुपये क्विंटलने २७ क्विंटलचे ६२,१०० होतात. खर्च २७,००० वजा केला की ३५,१००.

दूध: वर्षातले २७० दिवस, डेअरीला रोज सरासरी ६ लिटर, म्हणजे १,६२० लिटर. ३५ रुपयांनी ५६,७००. पेंड, भुसा आणि डॉक्टर यांचे ३६,००० वजा, उरले २०,७००. गाय-म्हैस आटलेले महिने विसरून रोजच्या दुधाला ३६५ ने गुणायचं, ही नेहमीची चूक.

धाकट्याची पगार स्लिप १६,००० ची. १,८०० पीएफ आणि १२० ईएसआय कापून हातात १४,०८०. वर्षाचे १,६८,९६०. घर चालवायच्या हिशोबाला हातातली रक्कम धरायची. दाखल्यासाठी मात्र स्लिपवरचा पूर्ण पगार विचारात घेतात, म्हणजे १,९२,०००. वहीत दोन्ही लिहा आणि कुठला कशासाठी ते समोर नोंदवा. थोरल्या सुनेचे भांगलणीचे ७० दिवस, ३०० रुपयांनी २१,०००.

बेरीज ३,३७,५६०. महिन्याला २८,१३०, माणशी ३,१२६. शेवटचा आकडा कुठल्याच अर्जात विचारत नाहीत, पण घरची खरी ओढाताण तोच सांगतो.

निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायकांनी मजुरी हजारावर मोजावी, पण नाकारलेल्या विड्या आणि कमी मिळालेला पाला-तंबाखू वजा करून. शहापूर-वडगावात माग असेल तर सूत, वीज आणि दुरुस्ती आधी वजा करा. उरतं ते उत्पन्न, कापडाचं पूर्ण बिल नव्हे. परगावी असलेल्या मुलाचा पगार किती आहे ते घरच्या वहीत लिहून उपयोग नाही. पुण्याहून किंवा गोव्याहून तो खरंच जेवढं पाठवतो तेवढंच लिहा.

कर्ज हे उत्पन्न नाही. संघाचं उचललेलं, सोसायटीचं पीककर्ज, भिशीची रक्कम, यातलं काहीच कमाईत धरू नका. हप्ते मात्र खर्चात लिहा.

बीपीएलची रेघ मोठ्या घराला का नडते

कर्नाटकात बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) कार्डासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १.२० लाखाच्या आत हवं. त्याशिवाय कोरडवाहू जमीन तीन हेक्टरपेक्षा जास्त नको (बागायत असेल तर त्या प्रमाणात कमी), घरच्या वापराची चारचाकी नको, शहरात १,००० चौरस फुटांपेक्षा मोठं घर नको, घरात आयकर भरणारा किंवा सरकारी नोकर नको. पोट भरण्यासाठी चालवलेली एखादी टॅक्सी किंवा टेम्पो चालतो.

१.२० लाखाची रेघ कार्डाला आहे, माणसाला नाही. तीन माणसांच्या घरात वर्षाला १,१०,००० येत असतील तर माणशी महिन्याला ३,०५६ पडतात आणि ते घर रेघेच्या आत बसतं. आपल्या नऊ जणांच्या घरात माणशी ३,१२६ पडतात, आणि ते रेघेच्या बाहेर, तेही जवळजवळ तिपटीने. ओढाताण दोन्हीकडे सारखीच. नियम असा आहे, आणि तो अन्यायाचा आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. पण अर्जात उत्पन्न कमी दाखवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. रेशन, जमीन, आयकर आणि पेन्शन यांची माहिती आता राज्याच्या ‘कुटुंब’ या माहितीसाठ्यात एकमेकींशी ताडून बघतात. घराच्या कर्जासाठी मुलाने आयकर रिटर्न भरलेला असतो आणि तिकडे कार्डावर उत्पन्न ४०,००० असतं. कार्ड रद्द होण्याची ही एक नेहमीची वाट आहे.

मग दोन भावांची कार्डं वेगळी करावीत का? चूल खरोखर वेगळी असेल तर जरूर. आकडे बघा. शेती आणि दूध निम्मं-निम्मं केलं तर प्रत्येकी ७३,८००. आजी थोरल्याकडे, त्याच्या सहा माणसांच्या घराचं उत्पन्न मजुरीसह ९४,८००, म्हणजे रेघेच्या आत. धाकट्याचं पूर्ण पगारासह २,६५,८००, म्हणजे बाहेर. एका घराला बीपीएल, एकाला एपीएल (रेघेवरचं कार्ड). गृहलक्ष्मी मात्र एपीएल कार्डावरही मिळते, म्हणून तिथं एकाच्या जागी दोन हप्ते होतात.

धोकाही लक्षात घ्या. कर्नाटकात नवीन कार्ड आणि नावदुरुस्तीची सोय वर्षभर उघडी नसते, ठरावीक काळापुरती सुरू होते. जुन्या कार्डावरून नाव कमी झालं आणि नवं कार्ड अडकलं, तर मधल्या काळात ती माणसं कुठल्याच कार्डावर नसतात. दवाखान्याची गरज नेमकी तेव्हाच पडते. नाव कमी करण्याआधी नव्या अर्जाची सोय सुरू आहे ना, हे अन्न खात्याच्या तालुका कचेरीत विचारा. आणि चूल एकच असताना फक्त हप्त्यासाठी कार्ड फोडलं असेल, तर चौकशीला आलेल्या माणसाला एक स्वयंपाकघर दिसायला दोन मिनिटं पुरतात.

सरकारकडून येणारं

*गृहलक्ष्मी.* कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचं नाव आहे तिला महिन्याला २,०००. योजना ३० ऑगस्ट २०२३ ला सुरू झाली. ती किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल किंवा जीएसटी रिटर्न भरत असेल तर मिळत नाही. दुकानासाठी जीएसटी नंबर घेऊन धंदा कधीच बंद केलेली घरं यात अडकतात. नंबर रीतसर रद्द करून त्याचा कागद ठेवा. हप्ते मागेपुढे होतात, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात. वर्षाचे २४,००० धरा, पण महिन्याच्या किराण्याची उधारी त्यांच्या भरवशावर करू नका. प्रमुख म्हणून आजीचं नाव असेल आणि ती वारली, तर कार्डावर प्रमुख बदलून नवा अर्ज होईपर्यंत पैसे थांबतात. वारल्याची नोंद लपवून ते पैसे काढत राहिलं तर पुढे वसुली होते.

*गृहज्योती.* २०२२-२३ मधला तुमचा महिन्याचा सरासरी वापर आणि त्यावर १० टक्के, एवढी वीज मोफत, २०० युनिटच्या आत. सरासरी ४८ युनिटपेक्षा कमी असेल तर १० टक्क्यांऐवजी सरळ १० युनिट जादा. आपल्या घराची सरासरी ११० होती, म्हणून हक्काचे १२१. वापर १३५ झाला तर वरच्या १४ युनिटचेच पैसे. पण २०१ झाला की बिल पूर्ण भरायचं, १२१ चीही सूट जाते. मोठ्या घराला मे महिना इथं महाग पडतो. फ्रिज, दोन-तीन पंखे, पाण्याची मोटर, वर पाहुणे. २० तारखेला मीटर बघायची सवय लावा. नवीन मीटरला जुना वापर नसल्यामुळे ५८ युनिट धरतात. भाड्याचं घर बदललं तर जुन्या घराच्या आरआर नंबरवरून (वीजजोडणीच्या नंबरवरून) आपलं आधार काढून नव्या नंबरला जोडावं लागतं. हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलावर सवलतीची रक्कम छापलेली असते, हिशोबाला तीच घ्या. आपण महिन्याला ७०० धरू, वर्षाचे ८,४००. ही रोकड नव्हे, वाचलेला खर्च आहे. वेगळ्या रकान्यात लिहा.

*धान्य.* बीपीएल कार्डावर माणशी ५ किलो केंद्राचे आणि ५ किलो राज्याचे अन्नभाग्यचे. जुलै २०२३ पासून राज्याच्या वाट्याचे माणशी १७० रुपये खात्यावर येत होते, फेब्रुवारी २०२५ पासून पुन्हा तांदूळ सुरू झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये या जादा तांदळाऐवजी डाळ, तेल, साखर आणि मीठ असा इंदिरा किट देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. त्यामुळे त्या महिन्याला काय आणि किती, हे दुकानाच्या फलकावर वाचूनच वहीत लिहा. अंत्योदय (सगळ्यात गरीब घरांच्या) कार्डाला माणसं कितीही असोत, केंद्राचे ३५ किलो. किंमत लावताना बाजारभावाचा मोह नको. घरचं भात असताना रेशनचा तांदूळ आला, तर बाजारातून आणायचा जेवढा तांदूळ वाचला तेवढीच बचत. उरलेला तांदूळ फिरत्या व्यापाऱ्याला विकणं गुन्हा आहे आणि त्यात कार्ड जातं.

*पेन्शन.* संध्या सुरक्षा ६५ वर्षांवरच्यांसाठी, महिन्याला १,२००. मोठ्या घरांना इथं चांगली गोष्ट म्हणजे नवरा-बायकोचं स्वतःचं उत्पन्न बघतात, कमावत्या मुलांचं नाही. वर्षाची मर्यादा ३२,०००. ‘मुलगा कामाला आहे, तुम्हाला बसत नाही’ असं कुणी काउंटरवर सांगितलं म्हणून परत येऊ नका. अर्ज करा आणि नाकारला तर लेखी कारण मागा. ६५ च्या आतल्या विधवेला ८०० ची वेगळी पेन्शन आहे. अपंगत्व ४० ते ७५ टक्के असेल तर ८००, त्यापुढे १,४००. एका माणसाला एकच पेन्शन, पण पेन्शन आहे म्हणून गृहलक्ष्मी बंद होत नाही.

आजीच्या नावे जमीन लागली तर तिचं उत्पन्न वाढून पेन्शन जाईल, अशी भीती काही घरांत घालतात आणि वारसा नोंदीतून तिचं नाव गाळतात. १,२०० रुपयांसाठी म्हातारीचा जमिनीवरचा हक्क काढून घेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. मुलींची नावं वंशावळीतून गाळणं हा तर सरळ खोटेपणा. त्यांचा हक्क कायद्याने मुलाइतकाच आहे, आणि पुढे हरकत आली की फेरफार तिथंच अडकतो.

*पीएम किसान आणि उतारा.* वर्षाला ६,०००, तीन हप्त्यांत. दोन भावांची नावं उताऱ्यावर आली तर ती दोन वेगळी कुटुंबं, १२,००० रुपये. जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून नावावर हवी, पण मालक वारल्यामुळे वारशाने आली असेल तर त्या तारखेची आडकाठी नाही. आयकर भरणारा बाद.

आपल्या घरात उतारा अजून आजोबांच्या नावावर आहे, म्हणून एक पैसाही येत नाही. फटका एवढ्यावर थांबत नाही. उतारा नावावर नाही म्हणून फ्रूट्स या राज्याच्या शेतकरी नोंदणीतला नंबर, म्हणजे एफआयडी, निघत नाही. एफआयडी नाही म्हणून रयत विद्यानिधी, म्हणजे शेतकऱ्यांच्या मुलांची स्कॉलरशिप, नाही. पीयूसीतल्या मुलीचे वर्षाचे ३,००० बुडतात; पदवीला गेल्यावर ५,५०० बुडतील. नुकसानभरपाईच्या यादीतही तेच. वारसा नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, नाडकचेरीतून वंशावळ, सगळ्या वारसांचे आधार आणि अर्ज लागतो. हरकतीची मुदत संपली की फेरफार मंजूर होतो. मृत्यूची नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटलं असेल तर आधी आदेश आणावा लागतो, त्यात महिने जातात. घरातल्या सगळ्या कागदांत पहिलं काम हे.

*दुधाचं प्रोत्साहन.* राज्यातल्या सहकारी दूध संघाच्या डेअरीला घातलेल्या दुधावर राज्य सरकार लिटरला ५ रुपये देतं. १,६२० लिटरचे ८,१००. खासगी डेअरीला किंवा सीमेपलीकडच्या संघाला दूध घालत असाल तर हे मिळत नाही. दर ठरवताना हे ५ रुपये मिळवून तुलना करा. फक्त ते उशिरा येतात, रोजच्या पेंडीला त्यांचा उपयोग नाही.

*बस.* ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये बायका-मुलींना शून्य तिकीट. बचत किती? योजना नसती तरी जो प्रवास केला असता तेवढ्याचीच. कॉलेजच्या मुलीने एरवी विद्यार्थी पास काढला असता, म्हणून तिची बचत पासाएवढी, रोजच्या तिकिटाएवढी नाही.

*दवाखाना.* बीपीएल कार्डाला आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमधून वर्षाला ५ लाखांपर्यंत. एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला १.५ लाखापर्यंत. ही रक्कम पूर्ण कार्डाला आहे. आजीचं ऑपरेशन आणि नातवाचा अपघात एकाच वर्षी आला तर त्याच रकमेत. तातडीची वेळ नसेल तर आधी सरकारी दवाखान्याची शिफारस लागते. ती न घेता थेट खासगीत भरती झालं की पुढे बिलावरून भांडण. एपीएल घरांनी यशस्विनी ही सहकारी संस्थांच्या सभासदांची आरोग्य योजना जरूर बघावी. कुणी सोसायटीचा किंवा दूध संघाचा सभासद असेल तर गावाकडे चार माणसांना ५०० आणि पुढच्या प्रत्येकाला १०० रुपये. नऊ जणांचे १,०००. नोंदणी वर्षातून ठरावीक काळातच होते, ती चुकवू नका.

आता बेरीज. कार्ड एकच, एपीएल, आणि कागद नीट असतील तर: गृहलक्ष्मी २४,०००, वीज ८,४००, पीएम किसान १२,०००, पेन्शन १४,४००, दूध ८,१००, विद्यानिधी ३,०००. एकूण ६९,९००, म्हणजे घरच्या कमाईच्या साधारण पाचवा हिस्सा. आजच्या स्थितीत, उतारा आजोबांच्या नावावर आणि आजीचा अर्जच नाही, पदरात पडतात ४०,५००. २९,४०० रुपये दोन कागदांपायी जातात.

रोजगार हमीचे पैसे या यादीत नाहीत, कारण ती मजुरी आहे. २०२५-२६ चा कर्नाटकचा दर दिवसाला ३७० होता. काम मिळालं तर ते कमाईच्या पानावर लिहा.

पैसे मंजूर, पण खात्यावर नाहीत

सरकारी पैसा तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातोच असं नाही. आधारला शेवटचं जोडलेलं जे खातं एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत आहे, तिथं तो जातो. मध्येच कुणी मोबाईलवर नवीन पेमेंट बँकेचं खातं काढून दिलं असेल, तर सहा महिन्यांचे हप्ते तिकडे पडून असतात आणि घरात ‘गृहलक्ष्मी बंद झाली’ म्हणून हळहळ चालू असते. बँकेत जाऊन ‘आधार डीबीटीला (सरकारकडून थेट येणाऱ्या पैशाला) कुठलं खातं जोडलंय’ असं विचारा. नुसतं ‘आधार लिंक आहे का’ विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. पतसंस्थेतल्या खात्यावर हे पैसे येत नाहीत.

दुसरं दुखणं नावाचं. शाळेत मराठीत एक नाव, आधारवर इंग्रजीत दुसरं, रेशन कार्डावर कानडीत तिसरं. ‘परशराम’, ‘परशुराम’ आणि ‘परसराम’ हे संगणकाला तीन वेगळे इसम. लग्नानंतर बदललेलं नाव आधारवर नवं आणि पासबुकावर जुनं असतं. आधी आधार बरोबर करा, मग बाकीचे कागद त्याच्यावरून. दाखला कानडीत येतो. वाचता येत नसेल तर सही करण्याआधी जाणत्याकडून नाव, बापाचं नाव आणि रक्कम वाचून घ्या. दाखल्यावरचा आरडीने सुरू होणारा नंबर वहीत लिहून ठेवा. स्कॉलरशिपच्या अर्जाला तोच लागतो.

म्हाताऱ्या माणसांचा अंगठा उठत नाही, ही रेशन दुकानातली रोजची तक्रार. आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने द्या आणि डोळ्यांची नोंदही करून घ्या. धान्याबद्दलची तक्रार १९६७ वर, लाईटची १९१२ वर.

दोन राज्यांमधलं घर

आपल्याकडे सोयरीक सरसकट पलीकडे होते. गडहिंग्लज किंवा चंदगडची मुलगी सून म्हणून आली, की तिचं नाव आधी माहेरच्या महाराष्ट्रातल्या कार्डावरून कमी करून तसा दाखला आणायचा, मगच इथल्या कार्डावर चढवायचं. दोन्हीकडे नाव राहिलं तर आधारमुळे ते सापडतं आणि इथला अर्ज परत येतो. इथली मुलगी तिकडे दिली तरी तोच क्रम. महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेत २०२४ मध्ये अशा सुनांना नवऱ्याच्या रहिवासी कागदांवर अर्ज करता येत होता, पण इथल्या कार्डावरचं नाव निघाल्याशिवाय तिकडचं काम पुढे सरकत नाही. इथं राहणाऱ्या बाईने नातेवाइकाच्या पत्त्यावर दोन्ही राज्यांचे हप्ते घेणं ही फसवणूक ठरते.

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या, म्हणजे महाराष्ट्र हक्क सांगतो त्या कर्नाटकातल्या, ८६५ गावांसाठी खुली केली. कर्नाटकाने त्याला विरोध केला, म्हणून तिकडच्या दवाखान्यात जाण्याआधी कुठले कागद चालतात हे तिथल्या आरोग्यमित्राला (दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला) विचारूनच निघा. घरच्या हिशोबात ती रक्कम धरू नका.

जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला इथल्या योजनांना कर्नाटकचाच लागतो. मराठा समाज इथं मागासवर्गीयांच्या ३बी गटात येतो. कोल्हापूरच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला तिकडच्या सवलती मागताना हा दाखला पुरेलच असं नाही, तेव्हा प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या कचेरीत विचारून फीचा पूर्ण आकडा वहीत टाका, सवलत वजा न करता.